वस्तादाविना हौदा

कोल्हापुरात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हाडांची तपासणी करून घ्या म्हटलं, की तो बाही वर सारून दंड दाखवतो. "तालमीच्या मातीत मुरलेली हाडं हायत ही. ह्यांना काय धाड भरलीया?" यात नुसता ताठा नाही. पंचविशी-तिशीपर्यंत माणसाचं हाड भरत असतं. त्या वयात ज्यानं जोर-बैठका मारल्या, उसाच्या मोळ्या वाहिल्या, त्याचं हाड बसून राहिलेल्यापेक्षा खरोखरच दणकट होतं. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, तालमींना आश्रय दिला, त्याचं फळ या शहराच्या कित्येक पिढ्यांच्या अंगात भरलेलं आहे.

पण प्रोस्टेटच्या कॅन्सरवर उपचार सुरू झाले, की या जुन्या पुण्याईवर विसंबून चालत नाही. या आजारात हाडांवर दोन बाजूंनी घाला येतो. एक आजाराचा. तो लोकांना ठाऊक असतो, कारण 'कॅन्सर हाडात उतरला' हे वाक्य कुठे ना कुठे कानावर पडलेलं असतं. दुसरा उपचाराचा. त्याबद्दल फार थोडे बोलतात, आणि टाळता येण्यासारखा असतो तो बहुतांशी हाच. म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या कॅन्सरला टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं खाद्य लागतं. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखवून दिलं, की वृषणं काढली किंवा इस्ट्रोजेन दिलं, तर पसरलेला आजारसुद्धा ओसरतो. हगिन्स यांना त्यासाठी १९६६ चं नोबेल मिळालं. वृषणांपर्यंत हुकूम पोचवणाऱ्या मेंदूतल्या हार्मोनचा उलगडा पुढं झाला, त्यालाही १९७७ साली नोबेल मिळालं, आणि त्यातूनच ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन, गोसेरेलिन ही इंजेक्शनं आली. महिन्याला, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी घ्यायची. घरात त्यांना नुसतं 'हार्मोनचं इंजेक्शन' म्हणतात. शस्त्रक्रिया करा नाहीतर इंजेक्शन घ्या, टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर येतं.

हे उपचार आयुष्य वाढवतात. हाडांच्या भीतीनं ते कुणी बंद करू नयेत, ही या प्रकरणातली पहिली विनंती. मात्र ते चार आठवड्यांचे नसतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोपचाराच्या दोन पद्धतींची तुलना करणारा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या २२४ रुग्णांना हार्मोन उपचार होते किमान दोन वर्षं. आजार पसरलेला असेल तर ते बहुधा जन्मभर चालतात. एवढ्या काळात हाडाचं काय होतं?

तालमीचा हौदा ज्यानं पाहिलाय, त्याला हे समजायला वेळ लागत नाही. हौद्यात लाल माती एकदा टाकली आणि काम संपलं असं नसतं. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवतात. पोरं फावडी घेऊन ती उकरतात, ढेकळं फोडतात, मग ओढून सपाट करतात. रोज उकरायची, रोज बसवायची. हाडातही अखंड हेच चालू असतं. एका जातीच्या पेशी जुनं हाड उकरून काढतात, दुसऱ्या जातीच्या पेशी त्या खड्ड्यात नवं हाड भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. उकरणाऱ्या पोरांना आवरणारा, 'बास आता' म्हणणारा एक वस्ताद तिथे लागतो. हाडात तो वस्ताद म्हणजे इस्ट्रोजेन.

इस्ट्रोजेन बायकांचं, पुरुषांच्या हाडाशी त्याचा काय संबंध, असं वाटेल. डॉक्टरांनाही बराच काळ तसंच वाटत होतं. १९९४ साली अमेरिकेत एका २८ वर्षांच्या तरुणाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. उंची २०४ सेंटिमीटर, म्हणजे पावणेसात फुटांच्या घरात, आणि या वयातही वाढतच होती. त्याचं टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. पण शरीराला इस्ट्रोजेन ओळखूच येत नव्हतं, जन्मजात दोष होता. हाडाची वाढ थांबवणारा निरोप पोचत नव्हता म्हणून उंची वाढत राहिली, आणि त्याच कारणानं हाडं ठिसूळ झाली होती. पुरुषाच्या हाडाचा राखणदारही इस्ट्रोजेनच आहे, हे त्या एका माणसानं जगाला शिकवलं. पुरुषाचं शरीर ते टेस्टोस्टेरॉनपासून तयार करतं. टेस्टोस्टेरॉन बंद केलं की इस्ट्रोजेनही जातं. वस्ताद निघून जातो आणि पोरं उकरत सुटतात.

वयोमानानं पुरुषाची हाडाची घनता वर्षाला अर्धा ते एक टक्का उतरते. हार्मोन उपचारांच्या पहिल्या वर्षात ती तीन ते पाच टक्के उतरू शकते. सर्वांत वेगानं घसरण होते ती याच पहिल्या वर्षात, म्हणजे सगळ्यांचं लक्ष पीएसए या रक्ततपासणीच्या आकड्याकडे लागलेलं असतं तेव्हा. अमेरिकेतल्या पन्नास हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २००५ साली एक हिशेब मांडला गेला. निदानानंतर किमान पाच वर्षं जगलेल्यांपैकी हार्मोन उपचार घेतलेल्या १९.४ टक्के पुरुषांचं कुठलं तरी हाड मोडलं, न घेतलेल्यांत हे प्रमाण १२.६ टक्के होतं. आणि खुब्याचं हाड मोडणं हा साधा अपघात नव्हे. त्यानंतरच्या वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण म्हाताऱ्या बायकांपेक्षा म्हाताऱ्या पुरुषांत जास्त असतं.

आपल्याकडच्या एका गोष्टीची मला विशेष काळजी वाटते. इंजेक्शन महाग आणि जन्माचं, शस्त्रक्रिया स्वस्त आणि एकदाच. म्हणून अनेक कुटुंबं वृषण काढण्याची शस्त्रक्रिया निवडतात. वैद्यकीय दृष्ट्या ती निवड चोख आहे, हगिन्सनी केली तीच ती. पण इंजेक्शनवाला रुग्ण निदान तीन-सहा महिन्यांनी दवाखान्याची पायरी चढतो, त्याच्या फायलीवर कुणाची तरी नजर पडते. शस्त्रक्रिया झालेले चंदगडचे, आजऱ्याचे, निपाणीचे आबा टाके निघाले की गावी जातात. 'झालं ऑपरेशन, सुटलो' अशी सगळ्यांची समजूत. टेस्टोस्टेरॉन मात्र कायमचं गेलेलं असतं आणि हाडाची झीज त्या दिवसापासून सुरू झालेली असते. कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये, झाली असो की खाजगीत, अशी शस्त्रक्रिया झालेल्या माणसानं तब्येत बरी असली तरी ठरलेल्या तारखांना परत आलंच पाहिजे.

झीज दुखत नाही. हाड मोडेपर्यंत कळत नाही. मणका मात्र कधीकधी गुपचूप दबतो, आणि त्याची खूण घरातल्या माणसांना दिसू शकते. पूर्वी घोट्यावर बसणारा लेंगा आता जमिनीला घासतो. नाडीच सैल बांधली असेल म्हणून कुणी लक्ष देत नाही. खरं म्हणजे आबांची उंची इंच-दीड इंच गेलेली असते. लेंगा लांब झाला की भिंतीला उभं करून उंची मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा.

वाट पाहण्याऐवजी मोजून घ्यावं, त्यासाठी डेक्सा तपासणी आहे. टेबलावर दहा-पंधरा मिनिटं निजायचं, कंबरेचे मणके आणि खुब्याचं हाड मोजून होतं, सुई नाही, किरणं अगदी थोडी. तिच्यातला टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याहून खाली आला तर हाडं ठिसूळ झाली असं धरतात. शिबिरांत टाचेला यंत्र लावून चिठ्ठी देतात, तिच्यावर उपचार ठरवायचे नसतात. हार्मोन उपचार सुरू होताना एकदा आणि मग डॉक्टर सांगतील तसं वर्षा-दोन वर्षांनी डेक्सा व्हायला हवी. व्यवहारात ती बहुतेकदा होत नाही. हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार ठरवून टाकल्यामुळे शिबिरांच्या पत्रकांवरही चित्र बाईचंच असतं.

औषधांमध्ये दोन नावं लक्षात ठेवावीत: झोलेड्रॉनिक ॲसिड, हे शिरेतून देतात, आणि डेनोसुमॅब, हे कातडीखाली देतात. दोन्ही उकरणाऱ्या पेशींना आवरतात. गोंधळ होतो तो मात्रेचा, कारण एकच औषध दोन वेगळ्या कामांसाठी वापरलं जातं. नुसती झीज रोखायची असेल तर डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम, सहा महिन्यांतून एकदा. हार्मोन उपचारांना न जुमानणारा कॅन्सर हाडात पसरला असेल तर १२० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी. पहिल्या मात्रेचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, १,४६८ पुरुषांवरचा. तीन वर्षांत मणक्याचं नवं फ्रॅक्चर औषध घेणाऱ्यांत १.५ टक्के, न घेणाऱ्यांत ३.९ टक्के. शेजाऱ्याला महिन्याला मिळतं आणि आपल्याला सहा महिन्यांनी, म्हणून आपल्यावर अन्याय झाला असं समजू नये. हार्मोन उपचारांना दाद देत असलेल्या आजारात दर महिन्याला जोरदार मात्रा देऊन आयुष्य वाढल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही.

या औषधांनी काय फरक पडतो, याचा धडा दोन चाचण्यांतून मिळाला. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरच्या अॅबिराटेरॉन या गोळीला रेडियम-२२३ या किरणोत्सर्गी औषधाची जोड देऊन बघणाऱ्या चाचणीत हाडं इतकी मोडू लागली, की धोक्याचा इशारा द्यावा लागला. ती गोळी स्टेरॉइडबरोबर घ्यायची असते, आणि स्टेरॉइड हाडाचं वैरीच. तेव्हा रेडियमची एन्झालुटामाइड या दुसऱ्या गोळीशी जोडी लावणारी आणखी एक चाचणी चालू होती. तिच्यात हाड राखणारं औषध प्रत्येकाला सक्तीचं केलं आणि फ्रॅक्चरचं प्रमाण एकदम खाली आलं.

हाड राखणाऱ्या या इंजेक्शनच्या आधी मात्र दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन यायचं. या औषधांनी क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून मरतं. महिन्याच्या मोठ्या मात्रेवर शंभरात एका-दोघांना असं होऊ शकतं, आणि निमित्त बहुधा दात काढण्याचं असतं. मिशरी आणि तंबाखूनं हललेले दात घेऊन आपली माणसं वर्षानुवर्षं भाकरी चावतात. काढायचे ते दात आधी काढा, जखम भरू द्या, मग इंजेक्शन. शिवाय मूत्रपिंडांची तपासणी हवी, कारण लघवी तुंबून ती आधीच दुखावलेली असू शकतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही आधी बघून भरून काढावं लागतं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम घसरून हातापायांत गोळे येतात. डेनोसुमॅब तर मनानं कधीच सोडू नये. सोडल्यावर थांबलेली झीज उसळून येते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. पैशाची अडचण असेल तर ती सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा, म्हणजे झोलेड्रॉनिक ॲसिडचा विचार करता येतो.

आता आजाराच्या घाल्याकडे वळू. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदानं १८८९ साली मांडलं, की कॅन्सरच्या पेशी म्हणजे बी, आणि बी कुठंही पडलं तरी रुजतं तिथंच जिथली माती त्याला मानवते. पंचगंगेच्या काठच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून द्यायला नको. प्रोस्टेटच्या बियाण्याला हाडाची माती मानवते, त्यातही मणका, कटीचं हाड, बरगड्या. तिथं गेल्यावर हा कॅन्सर भलतंच हाड रचायला लावतो, म्हणून एक्स-रेवर ते भाग पांढरेफटक, घट्ट दिसतात. 'हाड उलट भक्कम झालंय' असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. ते हाड वेडंवाकडं रचलेलं असतं आणि सहज मोडतं. अशा मणक्यावर डेक्साचा आकडासुद्धा फसवा चांगला येतो.

इथे कळकळीनं एक गोष्ट सांगायची आहे. पाठ धरली की नातवाला पाठीवर उभं करून तुडवून घ्यायची आपल्याकडे जुनी सवय आहे. नाहीतर तालमीतल्या जाणत्याकडून कंबर चोळून, ओढून घ्यायची. लचकलेल्या तरुण पाठीला त्यानं बरं वाटत असेल. प्रोस्टेटचा कॅन्सर असलेल्या माणसाच्या पाठीवर पाय ठेवू नका. त्याच्या पाठीचं नवं दुखणं, विशेषतः रात्री झोपल्यावर वाढणारं, हे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मणक्यातल्या कॅन्सरचं धरायचं. आणि त्याबरोबर पायातली ताकद गेली, मुंग्या आल्या, चप्पल पायातून निसटल्याचं कळेनासं झालं, लघवी-शौचाचा ताबा सुटला, तर मज्जारज्जू दाबला जातो आहे. तिथे उद्याची वाट बघायची नाही. त्याच दिवशी मोठं रुग्णालय, एमआरआय, स्टेरॉइड आणि किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया. पाय चालत असताना पोचलेला माणूस चालत परत येण्याची आशा असते, पाय गेल्यावर पोचलेल्याला ती फार कमी. नुसती वेदना असेल तर दिलासा जवळ आहे: किरणोपचाराची एकच मोठी मात्रा, एकाच खेपेत, दुखणं कमी करायला अनेक खेपांइतकीच उपयोगी पडते. लांबच्या गावाहून येणाऱ्यानं हे मुद्दाम विचारावं.

खाण्याचं म्हणाल, तर कोल्हापूरकराला पहिली शंका पांढऱ्या रश्शाची येते. हाड मोडलं की पायाचं सूप, मटणाचा अळणी रस्सा, हा आपल्याकडचा ठरलेला इलाज. मायेनं रांधलेलं ते अन्न अंगी लागतं, जरूर द्या. पण हाड उकळल्यानं त्यातलं कॅल्शियम रश्शात फारसं उतरत नाही. ते मिळतं दुधातून, आणि दुधाची या जिल्ह्याला वाण नाही, गोकुळचा संघ १९६३ पासून उभा आहे. पेलाभर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दिवसाची गरज हजार ते बाराशेची. दोन पेले दूध किंवा दही-ताक, नाचणीची एक भाकरी म्हणजे आणखी दीडशे-पावणेदोनशे, चटणीत तीळ, कधी हुलग्याचं माडगं, एवढ्यात बरंचसं भागतं. राहिलं तर गोळी, त्याहून जास्त नको. जास्तीनं हाड जास्त भरत नाही, मूतखडे मात्र होतात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात, त्याची गोडी मला मान्य आहे. पण कॅन्सरचे उपचार चालू असलेल्यानं ते दूध घरी नेऊन उकळूनच प्यावं. ड जीवनसत्त्वाचं, उन्हात राबलेल्या माणसाला कमी पडणार नाही असं गृहीत धरू नका. रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या. आठवड्यातून एकदा घ्यायची ड जीवनसत्त्वाची भुकटी रोज घेतल्यानं अपाय झालेली माणसं आहेत.

व्यायाम थांबवू नये. हार्मोन उपचारांत स्नायूही उतरतात, आणि स्नायू गेला की तोल जातो. चालणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, हलकं वजन, भिंतीला हात लावून जोर, हे बहुतेकांना जमतं. मणक्यात आजार असेल तर वाकून घागर उचलणं, पोतं ओढणं, जोर मारणं बंद, आणि काय चालेल ते आधी डॉक्टरांना विचारायचं. विडी मात्र सगळ्यांनीच सोडायची, दारूही.

शेवटी हाड मोडतं ते पडल्यानं. हा रुग्ण पडतो कधी, ते बघा. प्रोस्टेटमुळे रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं. लघवी मोकळी व्हावी म्हणून टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असते, तिच्यानं एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. संडास परसात. मध्ये दोन उंबरे. पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर शेवाळ. पायात गुळगुळीत तळाची चामड्याची चप्पल, ओल्या फरशीवर ती घसरतेच. बायकोची झोपमोड नको म्हणून दिवा लावलेला नसतो.

पलंगाशी लघवीचं भांडं ठेवा. उठल्यावर मिनिटभर काठावर बसायला सांगा. रबरी तळाची चप्पल, न्हाणीत धरायला दांडी, वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा, यांचा सगळा खर्च एका इंजेक्शनपेक्षा कितीतरी कमी आहे. तुमच्या घरात कुणाचे हे उपचार चालू असतील, तर आज रात्री दिवे मालवून त्यांच्या पलंगापासून संडासापर्यंतची वाट एकदा स्वतः चालून बघा. जिथे तुमचा पाय अडखळेल, तिथली दुरुस्ती उद्या सकाळी करा.